चार दिवसांत साडेतीन किलो

(बल्गेरियातलं समुद्रकाठचं गाव, नोव्हेंबरची सकाळ. म्हातारा कोळी स्तामेन तीन उशांना टेकून बसलाय. बायको स्लाट्का दाराशी उभी. डॉ. कालिना वजनकाटा बाजूला सारते.)

कालिना : चार दिवसांत साडेतीन किलो, काका! हे काही अंगाला लागलेलं नाही, हे पाणी आहे. मीठ गेलं कुठून पोटात?

स्तामेन : कसलं मीठ? ही बया अळणी सूप पाजून जीव घेतेय माझा.

स्लाट्का : चिमूटभर घालत नाही हो, डॉक्टर. चीजसुद्धा खारटपणा जावा म्हणून पाण्यात भिजवून देते.

कालिना : पायावर बोट दाबलं की खळगा पडतोय. आडवं होता येतं?

स्तामेन : बसून झोपतो. होडीतली सवय.

कालिना : थट्टा पुरे. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घाला. हं, सरकवा आत. हृदयाचा स्नायू असाच आवळतो. आतले बारीक धागे एकमेकांना धरून ओढतात. आता हात लांब न्या. अजून. नुसती टोकं राहू देत. ओढा बघू.

स्तामेन : पकडच लागत नाही.

कालिना : तुमचं हृदय आधीच थकलंय, त्यात पाणी तुंबून ते ताणलं गेलंय. रक्त पुढे ढकलवत नाही, मग मागे फुफ्फुसात पाणी साचतं. म्हणून ही धाप. काय खाल्लंत, खरं सांगा.

स्तामेन : बरं बाई. खारवलेले मासे. शेजाऱ्याकडे, चोरून.

स्लाट्का : साफ खोटं! चार दिवसांत उंबरठा ओलांडला नाही यानं.

स्तामेन : तू गप बस गं.

स्लाट्का : का गप बसू? डॉक्टर... पिंपातल्या आंबवलेल्या कोबीचं पाणी, ते चालतं ना?

कालिना : किती देता?

स्लाट्का : रोज सकाळी मोठा पेला. माझी आई कुठल्याही दुखण्यावर तेच पाजायची. पोट साफ, रक्त साफ...

कालिना : काकू, आपल्या समुद्रापेक्षा खारट असतं ते!

स्लाट्का : अगं आई गं! म्हणजे मीच? माझ्याच हातानं?

कालिना : पण काका, चार दिवसांपूर्वी बुर्गासच्या दवाखान्यातून सोडलं तेव्हा यादी वाचून दाखवली होती ना तुम्हाला? हे पाणी त्यात सगळ्यात वर होतं.

स्लाट्का : कुठली यादी? स्तामेन, तुला माहीत होतं?

(स्तामेन पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतो.)

स्लाट्का : बोल!

स्तामेन : मी पेला संपवला की तुझा चेहरा खुलायचा. दवाखान्यातून आल्यापासून दिवसातून तेवढं एकदाच हसायचीस. नको कसं म्हणू?

स्लाट्का : मला हसवत ठेवून विधवा करायला निघाला होतास?

कालिना : मी गाडी बोलावतेय. शिरेतून औषध देऊन पाणी उतरवावं लागेल. आत्ता नेलं तर सावरतील.

स्तामेन : रागावलीस?

स्लाट्का : खूप. पण तुला धड श्वास घेता येत नाहीये. घरी ये, मग भांडते.