शिंपी अडकलाय!

हॅलो? हॅलो, सर?… सर, मी बोलतेय… अहो, मी! आपल्या पक्षी-मंडळातली… गेल्या रविवारी तळं साफ करताना चिखलात रुतले होते ना, ती… हां, तीच. नवीन सभासद. तुमच्या भाषेत पिल्लू… हो, अठ्ठावन्नाव्या वर्षी. हसा सर, पण नंतर हसा. आत्ताच्या आत्ता एक काम आहे.

सर, शिंप्याचं घरटं सापडलंय. माझं मला! स्वयंपाकघराच्या खिडकीतून डावीकडे, पाइपाजवळ भिंतीतून एक झाड उगवलंय, त्याचं पान शिवून आत… हो हो, शिवलंय, चक्क टाके घातलेत. चार पिल्लं आहेत… अभिनंदन राहू द्या सर, पेंटर येतोय!

पेंटर, पेंटर! आमच्या इमारतीला रंग चाललाय. गच्चीवरून दोर सोडून, फळीवर बसून तो खाली खाली येतोय. आणि वाटेत दिसेल ते झाड मुळासकट उपटायचं, असा अध्यक्षांचा हुकूम आहे… आमच्या सोसायटीचे अध्यक्ष हो, देशाचे कशाला!

सांगितलं ना! "दादा, एवढं झाड सोडा," म्हटलं. तो म्हणाला, "ताई, मला काही बोलू नका, वर विचारा." वर विचारलं. अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, आज पक्ष्यासाठी थांबलो तर उद्या डासांसाठी थांबा म्हणाल."

म्हणून तुम्हाला फोन. अध्यक्ष तुमचे विद्यार्थी ना? अजून तुमच्यासमोर चुळबुळत उभे असतात. तुम्ही नुसतं म्हणा, "पंधरा दिवस थांब." पिल्लं उडाली की झाड काय, भिंत उपटा म्हणावं…

ओळख?… सर, झाडापासून तो एक मजला वर आहे आणि तुम्ही ओळख… हो, मान्य. "ओळख पटल्याशिवाय मंडळ बोलत नाही." माहितीये, टीशर्टावर छापलंय. माझ्याच अंगात आहे तो… बरं, विचारा. पटापट विचारा.

डोकं?… टोपी? आहे, कागदाची… नाही नाही, ती पेंटरची. थांबा, पक्षी बघते… क्षणभर टेकेल तर शपथ… भुवई? पक्ष्याला?… सर, मला फक्त पेंटरच्या भुवया दिसतायत. चांगल्या जाड आहेत, मधे जुळलेल्या. एवढा जवळ आलाय तो!

हो, दुर्बीण आहे ना. सकाळपासून डोळ्यांची काढलेली नाही. गॅसवरचं दूध उतू गेलं, तेही मी दुर्बिणीतूनच पाहिलं.

शेपूट लांब… उभी. आता आडवी… पाठ? राखी… नाही, हिरवी अजिबात नाही. राखीच. पोट तांबूस… का हो?

वटवट्या?… म्हणजे शिंपी नाहीच?… तोही पान शिवतो? अरे देवा… बरं, वटवट्या तर वटवट्या. पटली ना ओळख? करा आता फोन.

"सामान्य पक्षी" म्हणजे?… गल्लोगल्ली दिसतो म्हणून?… म्हणून मंडळाचं वजन खर्ची घालायचं नाही? सर, आपण सामान्य आहोत हे त्या पिल्लांना कुणी सांगितलेलं नाही हो. चौघंही आ वासून बसलीयेत, जेवणाचं पान वाढायला उशीर झाल्यासारखी…

हात जोडते सर. म्हणजे एकच हात जोडते, दुसऱ्यात फोन आहे… अहो, ऐका ना! मी मंडळात का आले माहितीये? घरात दिवसभर बोलायला कुणी नाही. लेक म्हणाली, "आई, कुठंतरी नाव घाल, चार माणसांत बस." म्हणून तुमच्याकडे आले. तर तुमचा पहिला नियम काय? बोलायचं नाही, पक्षी उडतात! तरी राहिले. मुलांच्या शाळेत घुबडाचा मुखवटा घालून तासभर उभी राहिले, चष्म्यावरून. कधी काही मागितलं?… मग? आज मागतेय.

थांबा, थांबा… खाली भोंगा वाजतोय… आले! सर, अग्निशमन दलवाले आले!… मीच बोलावलं. मघाशी तुमचा फोन लागेना, तेव्हा. काय देवमाणसं हो! मी म्हटलं, "लवकर या, शिंपी अडकलाय, चौथ्या मजल्याच्या बाहेर, चार पिल्लं आहेत हो त्याची." एक प्रश्न नाही, टोपी नाही, भुवई नाही. "आलोच," म्हणाले. इतके पक्षीप्रेमी आपल्या गावात, आणि रविवारच्या फेरीला आपण सातच टाळकी!

काय?… कपडे शिवणारा?… छे हो, त्यांना कसं वाटेल असं… मी नुसतं "शिंपी" म्हटलं… "अडकलाय" म्हटलं… "चार पिल्लं"… अगंबाई!

आता काय करू? सर, काय करू सांगा! शिडी वर येतेय, यंत्राची… थेट झाडावर येतेय! ओ साहेब! तिकडे नको! उजवीकडे घ्या, उजवीकडे!… तुम्हाला नाही सर… वळली. वळली बाई एकदाची. वीतभर अंतरानं गेली.

सर… त्यांनी पेंटरला धरलं… अहो, धरलं म्हणजे कवेत घेतलं! "घाबरू नका, शिंपीदादा, आम्ही आलोय," म्हणतायत. तो कोकलतोय, "मी पेंटर आहे!" ते म्हणतायत, "हो हो, धक्क्यानं होतं असं…"

मला विचारतायत. "बाई, हाच का शिंपी?"… सर, काय सांगू? खरं सांगितलं तर शिडी खाली जाईल आणि हा परत झाडाशी… लवकर बोला!… मंडळाचं नाव? तुम्हाला या घटकेला मंडळाचं नाव सुचतंय?…

हो साहेब! हाच! हाच तो शिंपी! ओळख पटली!

…

उतरवला, सर… हो, चारही आहेत. आई चोचीत अळी घेऊन आलीसुद्धा… अटक? करू देत. तिथे निदान बोलायला कुणी असेल.

थांबा हं. त्यांचे मोठे साहेब खाली अध्यक्षांना झाडतायत. केवढ्यानं ओरडतायत!… "पट्टा कुठंय?"… "कमरेला पट्टा नाही, दुसरा दोर नाही, एवढ्या उंचावर माणूस कुणाच्या भरवशावर टांगलात?"… काम बंद म्हणतायत. सगळी नीट सोय होईपर्यंत कुणीही दोरावर बसायचं नाही…

हो सर. वाचली पिल्लं.

सर, त्याच्या कमरेला काहीच नव्हतं हो… पक्ष्याच्या नाही, पेंटरच्या! सकाळपासून दुर्बीण रोखून उभी आहे मी. पोटाचा रंग सांगितला, शेपटी सांगितली. त्याची टोपी कागदाची आहे हेसुद्धा सांगितलं तुम्हाला… कमरेकडे नजर गेलीच नाही. चार मजल्यांवर एका दोरावर माणूस लोंबकळत होता, आणि मी भोंगे वाजवत गाडी बोलावली ती…

नको सर. घरट्याची नोंद नंतर. पुढच्या रविवारी बघू…

बेल वाजली. एक मिनिट… तोच आहे. हो, पेंटर. कागदाची टोपी काढून हातात धरलीये… या दादा, आत या. राहू द्या चपला, तशाच या. बसा, पाणी देते… काय म्हणालात?… शिंपी का म्हटलं? सांगते, सगळं सांगते. आधी मला तुमचं नाव सांगा…

सर, ठेवते मी.