ती एक ओळ

लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात चार्जर घेऊन थांबलेल्या बाईंच्या पुढे एक म्हातारे गृहस्थ उभे होते.

दुकानदार त्यांना म्हणाला, "काका, तुमचं वायफायचं कार्ड ठणठणीत आहे. लॅपटॉपमधल्या लिनक्स सिस्टिमला कमांडची एक ओळ लिहून दिली की ते ओळखतं."

"ठाऊक आहे रे. दर रविवारी मुलगा फोनवर एकेक अक्षर सांगतो, मी टाइप करतो. लॅपटॉप बंद केला की पुन्हा विसरतो मेला. मुलगाच म्हणाला, एकदाचं दुकानात दाखवा."

"आता नाही विसरणार. ती ओळ आतच बसवलीय. चालू केलात की कार्ड आपोआप सुरू."

"म्हणजे मुलाला विचारायला नको?"

"कुणालाच नको. सुटलात!"

बाईंनी चार्जरची वायर उगाच पुन्हा गुंडाळली.

गृहस्थ दुकानदाराला म्हणाले, "एक काम कर बाबा. ती ओळ काढून टाक."

"अहो, पण का?"

"उद्या रविवार आहे."