रडार आंधळं करणारा मनोरा

आदरणीय अध्यक्ष गोटीरामआप्पा, व्यासपीठावरील पाहुणे, निफाड पट्ट्यातल्या बागायतदार बंधू-भगिनींनो, आणि आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत त्या आपल्या हवामान रडार केंद्राच्या अभियंता हर्षालीताई,

शाल-श्रीफळ झालं. आता जरा कडू बोलू का, आप्पा? बोलतो.

गेल्या फाल्गुनात आपल्या रडारच्या पडद्यावर एक जाड पांढरा पट्टा उमटला. त्याच्या आड गारांचा ढग लपला. इशारा गेलाच नाही. लिंबाएवढ्या गारा आल्या, द्राक्षांचा मांडव तारांसकट कोसळला आणि पेठहून मजुरीला आलेला मंगळू त्याखाली चिरडला गेला. त्याच्या बायकोनं, कुसाबाईंनी, तारा हातांनी ओढल्या. तळहात फाटले, मंगळू निघाला तो गेलेलाच. कुसाबाई समोर बसल्या आहेत. त्यांना विचारूनच हे सांगतो आहे.

पट्ट्याच्या दिशेनं शोधत ताई गेल्या. कुसाबाईही हट्टानं सोबत निघाल्या. तिथे होता कुंदन नावाच्या इंटरनेटवाल्याचा वायफाय मनोरा. वायफायच्या काही लहरी आणि आपल्या रडारच्या लहरी एकच, म्हणून तो जोरात बोलला की रडारला ढग दिसत नाही. वायफाय यंत्राची ऑपरेटिंग सिस्टीम देशानुसार नियम पाळते: कोणत्या वाहिनीवर, म्हणजे चॅनलवर, किती ताकदीनं बोलायचं, रडारची चाहूल लागली की कुठे गप्प बसायचं. देश कळला नाही तर ती सगळ्यात कडक नियम धरते. नियमांची फाइल कुणी बदलली तर तिच्यावरची डिजिटल सही जुळत नाही म्हणून नाकारते. कुंदननं ती तपासणीच बंद केली होती आणि यंत्राला भलताच देश सांगितला होता. कशासाठी? लांबच्या गिऱ्हाइकाला वेग मिळावा म्हणून!

"तुझ्यामुळे रडार आंधळं झालं. माणूस मेलाय," ताई म्हणाल्या आणि त्याच्या यंत्राच्या पडद्यावरच्या सेटिंगचे फोनवर फोटो काढू लागल्या.

"मॅडम, लय शहाणपण नको. फोन द्या इकडं."

"नाही देणार."

त्यानं लोखंडी पाइप उचलला. पहिल्या घावात ताईंच्या मनगटाचं हाड बाहेर आलं. दुसरा डोक्यात बसला. ताई फोनवर पालथ्या पडल्या. तो बरगड्यांत लाथा घालत राहिला. मग कुसाबाईंनी त्याच्या दंडात दात रोवले. तो त्यांना भिंतीवर आपटत होता, त्यांचं तोंड रक्तानं भरलं होतं, पण लोक धावून येईपर्यंत त्यांनी दंड सोडला नाही.

फोटो कोर्टात टिकले. कुंदन तुरुंगात आहे. मनोरा दुसऱ्यानं घेतला. आता रडारची चाहूल लागली की तो मुकाट्यानं वाहिनी बदलतो. यंदा गारा पुन्हा आल्या, पण पडदा स्वच्छ होता. इशारा गेला, मजूर बाहेर पडले. बागा झोपल्या, माणसं उभी राहिली.

ताई आता सटाण्याच्या नव्या केंद्रावर चालल्या आहेत. मी विचारलं, "पुन्हा असा मनोरा सापडला तर? भीती नाही वाटत?"

म्हणाल्या, "वाटते ना, सर. या वेळी आधी पोलिसांना फोन करीन, आणि मग जाईनच."

ताई, तुमचे आभार मानायला माझे शब्द अपुरे आहेत. सोहळ्याच्या दिवशी रक्ताची गोष्ट काढली, कुणाचं मन दुखावलं असेल तर उदार मनानं पोटात घाला. नमस्कार.