कोरडा चमचा

—नाही, नाही, उभ्याने नका बोलू, बसा आधी. आणि ती डबी द्या इकडे, बघू तरी. अगं बाई! खरंच की. बुरशीच आहे ही. मधे हिरवी नि कडेला पांढरी लव. लावा हो झाकण, लावा, मला बघवत नाही. माझ्या सुनेच्या हातच्या डबीत बुरशी! अहो, ही केसांची बटरं करायला बसली ना, की तिच्या हाताला पाणी ठाऊक नसतं. म्हणजे हात धुते, धुते तर इतके की साबणाने हात जोडावेत — पण पातेल्यापाशी येताना कसे? कोरडे. ठणठणीत. ती खाली गेलीय जराशी, येईलच. खरं सांगू, ती यायच्या आत तुम्ही गेलात तर बरं होईल. पण आता एवढे जिने चढून आलात, तर टेका दोन मिनिटं. चहा टाकू? नको? बरं.

एक विचारते, राग नका मानू. ही डबी तुम्ही बाथरूममध्ये ठेवली होती का? नाही, लोक ठेवतात. नळाच्या डोक्यावर ठेवायची, न्हाता न्हाता ओली बोटं घालायची, आणि मग आमच्याकडे यायचं — बुरशी आली म्हणून! ओलं बोट म्हणजे बुरशीला आमंत्रण, असं सून सांगते. प्रत्येक डबीबरोबर ती एक लाकडी चमचा देते बघा, एवढासा. तो पुसून घ्यायचा, कोरडा घालायचा, कोरडा काढायचा. तुम्ही तो चमचा मीठ काढायला घेतला असेल. घेतात लोक. — काय? उघडलीच नव्हती? सील तसंच होतं? बरं... मग उन्हात राहिली असेल. कपाटात? कपड्यांच्या मागे? नणंदेला द्यायला म्हणून जपून ठेवलेली — आणि तिच्यासमोरच उघडली. अरे देवा. मग काय म्हणाल्या नणंदबाई? — राहू द्या, नका सांगू, कळलं. नणंदा सगळीकडे एकाच साच्यातल्या. मी स्वतः नणंद आहे, मला माहीत नाही होय.

तुमची तिसरी बघा. तिसरी डबी परत आलेली. पहिली आली तेव्हा सून म्हणाली, झालं असेल काही, बदलून दिली. दुसरी आली त्या दिवशी जेवली नाही. तिसरी आता ही... ते खोकं दिसतंय कोपऱ्यात? दोरीने बांधलेलं? त्यात तिचं फेटायचं यंत्र आहे. मोठं, दुकानात असतं तसं. विकतेय. हातगाडीवाला बघायलाच गेलीय ती खाली. म्हणते, आई, माझ्याच हातात काहीतरी खोट आहे, मला धड करता येत नाही, लोकांच्या डोक्याशी खेळ नको. आता बोला! जिने शाळेत रसायनशास्त्र शिकवलंय, तिला म्हणे करता येत नाही. आणि पुन्हा शाळेतच लागणार म्हणे. इथली नव्हे हो — तिच्या माहेरच्या गावची. तिथे जागा आहे. मुलगा काय, नंदीबैल, बायको म्हणेल तिकडे मान. जातील तिघं, नात धरून. मग इथे कोण? मी आणि हे. ह्यांचं कसं, सकाळी वर्तमानपत्रात तोंड घालतात ते संध्याकाळी काढतात. बोलायला म्हणून माणूस हवं की नको?

नाही, मला काय त्याचं. जायचं त्याने जावं. मी कुणाला धरून ठेवणारी नव्हे.

पण सांगते, ही बटरं सुरू झाली ती आमच्या चिंगीपायी. चिंगी म्हणजे माझी नात. तिचे केस बघाल तर घाबराल — कुरळे, दाट, नुसतं रान. कंगव्याचे दात पडायचे, केस जागचा हलायचा नाही. रोज सकाळी शाळेच्या वेळेला रडारड, सगळी इमारत जागी. मग सुनेने काय काय आणलं, शियाचं बटर म्हणू नका, कोकोचं म्हणू नका, खोबरेल, एरंडेल — वितळव, गाळ, गार कर, फेट. मला तर वाटलं हिचं डोकं फिरलं. पण चिंगीच्या डोक्याला लावलं आणि काय सांगू, कंगवा असा गेला, असा! त्या दिवसापासून स्वयंपाकघर दुपारचं तिचं. मी बाहेर. बाहेर म्हणजे दारात, खुर्ची टाकून. मी बघते, ती बोलते. अडीच-तीन तास आमची बडबड. लग्न होऊन आली तेव्हा ह्या घरात तोंड उघडत नव्हती बघा. दोन शब्द, हो आणि नाही. तिला बोलकी केली ती ह्या बटराने.

आणि नियम किती! टिकायला हवं ना, बाजारातल्यासारखं त्यात औषध नसतं. ती म्हणते, आई, बुरशीला प्यायला पाणी लागतं. आपल्या बटरात पाण्याचा थेंब नाही, तर बुरशी जगेल कशावर? म्हणून औषध नको. तेल खवट होऊ नये म्हणून त्या ई-जीवनसत्त्वाच्या गोळ्या तेवढ्या टोचून पिळते, बस. डब्या धुऊन ओव्हनमध्ये वाळवायच्या. पातेलं पुसलेलं परत पुसायचं. बटर होत असताना गॅसवर चहासुद्धा ठेवू देत नाही, वाफ जाते म्हणून! आता चहाची वाफ कुठे जाऊन बसणार आहे? पण नाही म्हणजे नाही. मी बिनचहाची बसते. एकदा मला शिंक आली तर माझ्याकडे असं बघितलं की मी उरलेली शिंक गॅलरीत जाऊन दिली.

तेव्हा तिच्या हातात खोट आहे असं कुणी म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही. तिची एकच खोट — उधळपट्टी. हे मात्र मी तोंडावर सांगते. वितळलेलं बटर ज्या काचेच्या जगमधून पातेल्यात ओतते ना, त्याच्या कडांना इतकं चिकटून राहतं, इतकं, की एखाद्या लेकुरवाळीचं डोकं न्हाऊन निघेल. ते ती कागदाने पुसते आणि फेकते. फेकते! माझ्या घरात, ताई, काही वाया गेलेलं दाखवा आणि बक्षीस न्या. मधाची बाटली संपली, कोमट पाणी घाल, हलव, ओत. शॅम्पूची बाटली संपली — संपते कुठली, विसळून आठवडा जातो. ह्यांच्या खोकल्याच्या औषधाची बाटलीसुद्धा मी विसळून देते, शेवटचा डोस जरा पातळ असतो, पण खोकला काय मोजायला बसतो? माझी आई म्हणायची, विसळण म्हणजे पाणी नव्हे. मधाचं विसळण मधच, दुधाचं विसळण दूधच. ज्याचं विसळण, ते तेच. थेंबे थेंबे तळे साचे.

हसताय काय? तुम्हीही करत असाल. सगळ्या करतात.

आता मागच्याच खेपेचं घ्या ना, ही तुमची डबी त्याच खेपेतली — निळ्या झाकणाची ना? हो, त्याच. सगळं वितळवून, गाळून, पातेलं गार करायला ठेवलेलं, आणि शाळेतून फोन. चिंगी पडली, गुडघा फुटला. सून तशीच पळाली. जाताना म्हणाली, आई, घट्ट व्हायला लागलं की यंत्र लावाल का फक्त? फक्त! पहिल्यांदा तिने मला हात लावू दिला. मला इतकं बरं वाटलं, ताई, काय सांगू. पदर खोचला, हात धुतले, पुसले, परत पुसले. तिच्या नियमाने. बघते तर तो जग तिथेच, कडांना हे एवढं बटर. घाईत पुसायचं राहिलेलं. म्हटलं, आज ती नाही, आज एक कण फुकट जाऊ देत नाही. कपभर कोमट पाणी घातलं, गरगर फिरवलं — कसं सुटून आलं सगळं! — ओतलं पातेल्यात आणि लावलं यंत्र. काय फुगलं म्हणता! पांढरंशुभ्र, हलकं, कापसासारखं. तिचं कधी तसं झालं नव्हतं. आणि डब्या? नेहमीपेक्षा दोन जास्त भरल्या. सून आल्यावर मोजत बसली, आई, ह्या वेळी दोन जास्त कशा हो? मी म्हटलं, बरकत. माझ्या हाताची बरकत. जगसुद्धा घासून लखलखीत ठेवला होता. कधी नव्हे ती मला मिठी मारली तिने.

म्हणून म्हणते, त्या खेपेत तर काही चुकणं शक्यच नाही. ती खेप सबंध माझ्या डोळ्यांदेखत... माझ्याच हाताने...

अशा काय बघताय माझ्याकडे?

नाही हो. विसळण होतं ते. पाणी नव्हे. कोमट होतं.

...कपभर.

तिन्ही निळ्याच झाकणाच्या आल्यात नाही का? पहिली निळी. दुसरी... निळीच.

अगं बाई.

आणि ती पोरगी तिकडे स्वतःच्या हाताला नावं ठेवत हिंडतेय. जेवत नाही. यंत्र विकतेय. माहेरी निघालीय, आणि मी इथे बसून — ताई, ती डबी इथेच ठेवा. बदली नको, नवी नको, आज काही देता यायचं नाही. नणंदबाईंना सांगा... काहीही सांगा, सासूने घाण केली म्हणा, त्यांना पटेल लगेच. तुम्ही जा आता. जा बरं. चप्पल त्या दाराशी आहे. नाही, तुम्ही नका थांबू, हे मलाच — जिन्यात तिचाच पाय वाजतोय. सांभाळून उतरा, वाट द्या तिला.

आलीस का गं? हो, ह्या निघाल्याच होत्या. हातगाडीवाला मिळाला? खाली उभा आहे? राहू दे उभा. नाही, खोकं उचलू नकोस. आधी तू बस बघू इथे. माझ्यासमोर बस. अगं, केवढा घाम आलाय तुला. थांब, पाणी —