'हॅपी आवर' या होडीतून बहीण पळवून नेल्याबाबत

सिडनी बंदर जलपोलीस ठाणे, रविवार, २८ डिसेंबर.

माझे नाव विनिफ्रेड ॲग्नेस डूली, वय ७२, धंदा काही नाही, पूर्वी उपमुख्याध्यापिका, राहणार बेलमाँट, सध्या मुक्काम 'स्टेला' ही शिडाची होडी, मिडल हार्बर खाडी. ठाण्यात स्वतः येऊन, कोणी न सांगता, खालीलप्रमाणे जबाब देते :

मी व माझी धाकटी बहीण ऊना प्रॅट, वय ६९, विधवा, दर नाताळच्या सुट्टीत आमच्या होडीने सिडनीला येतो आणि नववर्षाची आतषबाजी पाहून परत जातो. सुकाणू माझ्याकडे असते, नांगर ऊनाकडे. आजवर याबद्दल तिची तक्रार नव्हती.

नाताळच्या आदल्या दिवशी मर्विन स्लेड नावाचा इसम, वय अंदाजे सत्तर, 'हॅपी आवर' ही मोठी होडी घेऊन आमच्या शेजारी आला. होडीला दारू पिण्याच्या वेळेचे नाव देणाऱ्या माणसाबद्दल माझे मत तेव्हाच झाले. खाडीत गर्दी होती म्हणून दोन्ही होड्या कडेला कड लावून बांधू या, असे त्याने सुचवले. सणासुदीत तशी रीत आहे. बांधलेल्या होड्यांत जड होडीचाच नांगर खाली राहतो, दुसरीने आपला वर घ्यायचा. त्याप्रमाणे ऊनाने आमचा नांगर वर घेतला. मला विचारले नाही.

शेजारच्या होडीवर ये-जा करताना पुढच्या टोकावरून जायचे, माणसे बसतात तिथून नव्हे, हे लहान मुलांनाही माहीत असते. सदर इसम कोळंबीची परात घेऊन थेट आमच्या बसण्याच्या जागेतून आला. मी म्हणाले, "मिस्टर स्लेड, पुढून." तो म्हणाला, "बाईसाहेब, पुढून गेलो असतो तर तुमचं दर्शन कसं झालं असतं?" ऊना हसली. त्यात हसण्यासारखे काय होते ते मला अजून कळलेले नाही. माझा संशय तिथून सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी त्याने माझे पुडिंग तीनदा मागून घेतले. असे कोणी करत नाही. मी आत भांडी पुसत असताना पुढील बोलणे कानावर आले. मुद्दाम ऐकले नाही, होडी लहान आहे.

"कुठवर गेली आहेस या होडीनं?"

"सिडनी."

"आणि मग?"

"मग परत."

"भर समुद्रापलीकडचं होबार्ट नाही पाहिलंस? शिडाची होडी असून?"

"विनीचं ठरलंय, होबार्टला जायचं नाही."

आज सकाळी ऊनाने डोके दुखते असे सांगितले, म्हणून मी एकटीच छोटे होडके वल्हवत किनाऱ्यावर चर्चमध्ये मिस्साला गेले. परत आले तेव्हा 'हॅपी आवर' जागेवर नव्हती आणि ऊनाही नव्हती. तिची उशी, रेनकोट, रक्तदाबाच्या गोळ्या व वडिलांची दुर्बीण गेली आहे. दुर्बीण दोघींची आहे, हे नोंदवावे. चिठ्ठी नव्हती.

खाडीत होडीतून आईस्क्रीम विकणारी ओफा ही टोंगा बेटांवरची बाई जवळ आली. "आजी, बहिणीला शोधताय?"

"मी कोणाची आजी नाही. काय पाहिलंस ते सांग."

"त्यांनी दोन कोन घेतले. आंब्याचे. एक त्या काकांच्या तोंडाशी धरला, त्यांचे हात दोरांत अडकले होते ना!"

"तिच्यावर जबरदस्ती चालली होती?"

"छे हो! काकाच म्हणत होते, 'ऊना, अजून विचार कर.' त्या म्हणाल्या, 'मिस्सा संपायच्या आत निघ, नाहीतर जन्मात निघणं होणार नाही.'"

सदर बाई सारखी हसते. तिच्या सांगण्यावर विसंबू नये.

कॉन्स्टेबल नासर यांनी विचारले की, खाली नांगर फक्त स्लेडचा होता, तो गेल्यावर माझी होडी वाहून कशी गेली नाही? सांगते की, 'स्टेला' स्वतःच्या नांगरावर उभी होती. साखळी पुरेशी सोडलेली, तिच्यावरचा ताण घ्यायला दोर बांधलेला. नांगराची साखळी सोडायचा आमचा रहाट अडतो. उजवीकडून लाथ मारल्याशिवाय सुटत नाही आणि हे मी व ऊना यांच्याशिवाय कोणाला माहीत नाही.

"मग लाथ कोणी मारली, मॅडम?"

"त्यानं तिच्याकडून मारून घेतली असेल."

बंदर सोडताना प्रत्येक होडीने आपले नाव, जायचे ठिकाण आणि माणसे किती हे रेडिओवर कळवायचे असते. नासर बाईंनी आजचे ध्वनिमुद्रण ऐकवले. "हॅपी आवर. जातोय होबार्टला. माणसं दोन." आवाज ऊनाचा आहे. आमच्या होडीवर रेडिओवर मी बोलते, त्यामुळे ती इतके खणखणीत बोलते याची मला कल्पना नव्हती. मी पुन्हा ऐकवायला सांगितले. त्यांनी ऐकवले.

"त्या सज्ञान आहेत, मॅडम," नासर बाई म्हणाल्या.

"तिला लाटा सोसत नाहीत. तुम्हाला काय माहीत?"

माझी तक्रार कायम आहे. रक्तदाबाची गोळी रात्री जेवणानंतर घ्यायची असते आणि ती विसरते, एवढे पोलिसांनी त्या इसमास रेडिओवरून कळवावे. आतषबाजीसाठी मी थांबणार नाही. उद्या निघेन. माणसे एक, असे कळवेन.

हा जबाब नासर बाईंनी मला मोठ्याने वाचून दाखवला. शेवटच्या ओळीपाशी त्या थांबल्या. थांबण्याचे कारण नव्हते. मजकूर मी सांगितला तसाच आहे व खरा आहे.

सही : डब्ल्यू. ए. डूली