बंद रेडिओवर बोललेलं

...आणि हसताय काय, दार लावा आधी, वारा आत येतोय. हां. त्या बादलीवर बसा, पाय हीटरकडे करा. तुमच्या खोपटातला गॅस संपला त्याला तुम्ही काय करणार, फेब्रुवारीत सगळ्यांचाच संपतो. ऊब घ्या, मग जा. तर काय म्हणत होतो — हो, ओरडलो. माझ्याच खेळाडूनं टचडाउन केला, अख्खं स्टेडियम नाचतंय, आणि मी त्याला ओरडतोय. रात्री आर्डिस — माझी बायको — म्हणाली, ‘‘गस, तू त्याला जिंकल्याबद्दल झापलंस?’’ मी म्हटलं, जिंकल्याबद्दल नाही, न विचारता जिंकल्याबद्दल. यावर ती जी हसायला लागली, ती अजून थांबलेली नाही.

खरंच ओळखलं नाहीत मला? गस लिंडक्विस्ट. ड्युलुथ लंबरजॅक्सचा कोच — होतो, म्हणजे गेल्या महिन्यापर्यंत. नाही? फुटबॉल बघतच नाही तुम्ही? अहो, मग देवानंच धाडलं तुम्हाला! या गोठलेल्या तळ्यावर बर्फाला भोक पाडून मासे धरायला बसलेला दुसरा कुणी आत आला असता, तर एव्हाना मला शिकवायला लागला असता. परवा पेट्रोल पंपावरची बाई सुटे पैसे देता देता म्हणाली, ‘‘कोच, चेंडू एमरीच्या हातात द्यायचा आणि आपण बाजूला व्हायचं.’’ एमरी म्हणजे आमचा क्वार्टरबॅक. गेल्या रविवारी आमचा पाद्री अहंकारावर बोलला — तासभर, आणि नजर कुणाकडे? माझ्याकडे. मी आपला प्रार्थनेचं पुस्तक उलटं धरून वाचतोय.

सोपं आहे, सांगतो. चेंडू हातात धरून समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला की टचडाउन, सहा गुण. क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातात पहिल्यांदा चेंडू येतो तो. त्यानं तो पळणाऱ्याला द्यायचा नाहीतर लांब फेकायचा. काय करायचं ती चाल मी कडेला उभा राहून रेडिओवर सांगतो — त्याच्या हेल्मेटात कानापाशी स्पीकर असतो. मी बोलायचं, त्यानं ऐकायचं. माईक फक्त माझ्याकडे. त्याला उलट बोलायची सोयच नाही. काय यंत्र आहे बघा! घरी असं काहीतरी बसवून मिळेल का म्हणून मी चौकशी केली होती.

तर असा हा रेडिओ, असा हा मी, आणि त्यात आला एमरी टॉलिव्हर. मिसिसिपीचा. सहा फूट चार इंच, आवाज हळू, सगळ्यांशी ‘येस सर, नो मॅम’ — आणि करणार शेवटी स्वतःच्या मनाचं. मी चाल सांगायची, यानं रांगेत उभं राहून समोरच्यांकडे बघायचं, काहीतरी ओरडायचं आणि चाल बदलून टाकायची. म्हटलं, ‘‘पोरा, ती चाल मी तीन दिवस बसून काढली होती.’’ तर म्हणतो, ‘‘येस सर. पण त्या तीन दिवसांत तो चौऱ्याण्णव नंबरचा माणूस तिथं उभा नव्हता.’’ मला राग आला. त्याच्याशी बोलणंच बंद केलं. त्रेसष्ट वर्षांचा घोडा मी, आणि रुसलो! तो माझ्यापासून हातभर अंतरावर उभा असायचा आणि मी माझ्या मदतनिसाला सांगायचो, ‘‘डॉनी, त्याला म्हणावं गुडघा वाकव.’’ डॉनी म्हणायचा, ‘‘एमरी, कोच म्हणतात गुडघा वाकव.’’ तो म्हणायचा, ‘‘डॉनी, कोचना सांग, वाकलेलाच आहे.’’ अख्खा मोसम! डॉनीची बायको सांगत होती, तो झोपेतसुद्धा दोघांचे निरोप द्यायला लागला होता.

मिसेस हॅलोरननी — आमच्या टीमच्या मालकीणबाई, ऐंशीच्या, पण काठी टेकत सगळीकडे पोचतात — एकदा दोघांना जेवायला बोलावलं. समेट घडवायला. वॉलाय मासा, उकडलेले बटाटे. तिघं टेबलाशी, माना खाली घालून जेवतोय. शेवटी एमरीनं तिखट सॉस मागितला. बाईंच्या घरात मिरपूडसुद्धा पाहुण्यांना विचारून काढतात. आणि मी काय म्हणालो असेन? ‘‘बघा, इथंही ठरलेलं बदलायचंय याला.’’ बाईंनी काटा खाली ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘गस, तुला आणखी बटाटे नकोत.’’ मला हवे होते खरं तर.

कॉफी घ्या. कडू आहे, पण गरम आहे.

तर जानेवारीतला सामना. हरलो तर घरी, जिंकलो तर पुढं अंतिम सामना. आमचंच मैदान, समोरचं दिसू नये असा बर्फ पडतोय. शेवटचा भाग सुरू झाला तेव्हा आम्ही दहा गुणांनी मागं. मी चाल सांगतो आणि हा भलतंच करतो. पुन्हा सांगतो, पुन्हा भलतं. मी म्हटलं, आता हा उघडउघड अपमान झाला. तेवढ्यात तो माझ्याकडे वळला आणि हेल्मेटवर बोट आपटायला लागला — टक टक टक. मला वाटलं, म्हणतोय, म्हाताऱ्या, डोकं वापर! मीही माझ्या कपाळावर बोट आपटलं — तू वापर! तो पुन्हा टक टक. मी पुन्हा. साठ हजार लोकांसमोर दोन माणसं आपापलं डोकं बडवतायत. शेवटी डॉनी म्हणाला, ‘‘गस, तो म्हणतोय रेडिओ गेलाय.’’

आता शहाणे कोच अशा वेळी हातानं खुणा करतात. एमरीनं उन्हाळ्यातच डॉनीकरवी निरोप धाडला होता — खुणा ठरवून ठेवू या. मी काय कळवलं? मी ट्रॅफिक पोलीस नाही. झालं. मग आता करायचं काय? तो एकटा आत. चेंडू त्याच्या हातात, चाल त्याच्या डोक्यात. आणि मी? मी काय, लोणच्याच्या बरणीवर बांधलेलं फडकं! पण कॅमेरा माझ्यावर, अख्खा देश बघतोय. कोच गप्प उभा दिसला तर सगळ्यांना कळेल ना की याला काही कामच नाही! म्हणून मी चालींचं कार्ड तोंडासमोर धरलं — आम्ही धरतोच, समोरच्यांनी ओठ वाचू नयेत म्हणून — आणि बोलत राहिलो. बंद रेडिओवर. गंभीर चेहरा करून, मान हलवत, मधेच बोटानं दाखवत. आणि तो तिकडं — काय खेळला हो! बर्फातून असे चेंडू टाकले की झेलणाऱ्याला फक्त हात पुढं करायचा होता. दोन टचडाउन. जिंकलो.

आणि दुसऱ्या दिवशी पेपरात काय? ‘लिंडक्विस्टच्या चालींपुढे बर्फही हरला.’ माझा फोटो, कार्डामागून नुसते डोळे दिसतायत. पत्रकारांनी एमरीला विचारलं तर तो म्हणाला, ‘‘कोचनी फार छान मार्गदर्शन केलं.’’ मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि स्वतः शिडी घेऊन निघून गेला. मी? मी मूग गिळून बसलो. खरं सांगायचा विचार होता, पण लोक टाळ्या वाजवत होते. टाळ्या वाजत असताना खरं बोलायला वेगळी छाती लागते.

काय बोलत होतो रेडिओवर? काही नाही, असंच. तुमच्या गळाकडे — नाही, हा माझाच गळ आहे, आणि तो काही हलला नाही. असंच हो. आधी शिव्या घातल्या. बऱ्यापैकी. मग त्या संपल्या. माणसाकडे शिव्या किती असणार, मी लुथेरन आहे, आमच्या चर्चात त्या शिकवत नाहीत. मग म्हटलं, शाब्बास. मग — आता ऐकायला कुणीच नाही म्हटल्यावर माणूस काय, काहीही बोलतो. म्हटलं, पोरा, मला भीती वाटते, तू चाल बदललीस की दर वेळी वाटतं की माझी गरज नाही, आणि ते खरंही आहे. म्हटलं, मीसुद्धा क्वार्टरबॅकच होतो रे. तिसऱ्या नंबरचा. तीन मोसम कडेला उभा होतो, स्वच्छ कपड्यांत. सगळ्यांचे कपडे चिखलात, माझे इस्त्रीचे. एकदाही, एका चालीसाठीसुद्धा, मला कुणी आत धाडलं नाही. आणि चाळीस वर्षं मी पोरांपुढं ‘माझ्या खेळण्याच्या दिवसांत’ म्हणून टिमकी वाजवतोय. म्हटलं, आत्ता तू तो कोपऱ्यात टाकलास ना, तसा एक चेंडू टाकता आला असता, तर मी जन्मभर बटाटे पिकवले असते आणि हूं का चूं केलं नसतं... वारा लागतोय डोळ्याला. ते दार नीट बसत नाही.

मग अंतिम सामना. त्यात रेडिओ उत्तम चालला. एक एक चाल मी सांगितली आणि एक एक चाल त्यानं, देव त्याचं भलं करो, मी सांगितली तशीच खेळली. एकतीस विरुद्ध तीन. हो, आमचे तीन.

सगळे म्हणाले, आता गसला नारळ. मलाही तसंच वाटलं. बाईंनी बोलावलं तेव्हा मी चांगला कोट घालून गेलो, हाकलताना तरी बरं दिसावं. तर त्या म्हणतात, ‘‘गस, मी एमरीला विचारलं, कोच कोण हवा. तो म्हणाला, हेच. फक्त चाली मी ठरवीन.’’ मी म्हटलं, ‘‘मग मी काय करायचं?’’ त्या म्हणाल्या, ‘‘तेही मी विचारलं. तो म्हणाला, कोचनी बोलत राहावं.’’

मला अर्थच लागला नाही. विचार करतो म्हणून ऑफिसात येऊन बसलो. तर दारात हा. डॉनी नाही, निरोप नाही, स्वतः. उभा राहिला आणि हळूच म्हणाला, ‘‘कोच, तीन मोसमांत एकदासुद्धा आत नाही धाडलं तुम्हाला?’’

तुम्ही काय म्हणालात? हो. हो ना! ते मी जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. आर्डिसला वाटतं मी गुडघा दुखावला म्हणून खेळणं सोडलं. मी फक्त त्या बंद रेडिओला सांगितलं होतं. मी म्हटलं, ‘‘रेडिओ बंद होता.’’ तो म्हणाला, ‘‘येस सर. पहिल्या काही चाली होता. मग आला.’’ ‘‘मग सांगितलं का नाहीस?’’ तर म्हणतो, ‘‘तुम्ही बोलत होतात. सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा चाली सांगायला लागला असता.’’

आता शहाणा माणूस यावर हसला असता. पुढं होऊन त्या पोराच्या पाठीवर हात ठेवला असता. मी काय केलं? ‘‘चालता हो’’ म्हणून ओरडलो. अख्ख्या इमारतीत ऐकू गेलं. तो ‘येस सर’ म्हणून गेला, आणि त्याच दुपारी मी राजीनामा देऊन टाकला. पत्रकारांना म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. कसलं तत्त्व घेऊन बसलात! लाज वाटली हो. नागव्यानं गाणं म्हणत न्हाणीतून बाहेर यावं आणि दिवाणखान्यात पाहुणे बसलेले असावेत, तसं झालं. आणि पाहुणा तरी कसला — आधीच येऊन बसलेला, गुपचूप, आपलं गाणं ऐकत.

तेव्हापासून इथं. मासे काही देत नाहीत, मीही काही मागत नाही. मालकीणबाईंनी अजून दुसरा कोच नेमलेला नाही म्हणे. वेड्या आहेत. आर्डिस म्हणते, वेडा दुसराच कुणीतरी आहे. काल फोनवर कुणाशी तरी बराच वेळ बोलत होती. मी खोलीत आलो तशी म्हणाली, माझी बहीण. तिची बहीण तिच्याशी बोलत नाही, नऊ वर्षं झाली.

हा कसला आवाज? गाडी. किनाऱ्यावर थांबली. जरा खिडकी पुसा आणि बघा. कोण? उंच? किती उंच? ...डोक्यावर टोपीसुद्धा नाही, या थंडीत? आणि चालतोय कसा — थांबा, मलाच बघू द्या. अरे देवा. अंड्यांवरून चालल्यासारखा चाललाय. मिसिसिपीत तळी गोठत नाहीत हो! आयुष्यात पहिल्यांदा पाण्यावर पाय ठेवलाय त्यानं. आर्डिसनं पत्ता दिला. तिनंच.

तुम्ही बाहेर जाऊन सांगा, कोच नाहीत म्हणावं. नको — माझी गाडी उभी आहे बाहेर, तिच्यावर माझं नाव लिहिलंय एवढ्या मोठ्या अक्षरांत. मीच लिहून घेतलं होतं. काय बोलू मी त्याच्याशी? तुम्हाला सांगितलं तेच? अहो, तुम्हाला सांगणं वेगळं, तुम्हाला फुटबॉल कळत नाही. त्याला सगळंच कळतं, तीच तर — तो कुठं वळला? तिकडं नको. तिकडं ओढा येऊन मिळतो, तिथला बर्फ पातळ आहे. सरका, दार उघडू द्या. — एमरी! एमरी, तिकडून नको! बर्फ पातळ आहे तिकडं! माझ्याकडे बघ, खोपटांच्या रांगेनं ये, उजवीकडून! उजवीकडून!

...थांबला. बघतोय. हं. वळला. सांगितलं तसं वळला.

काय बघताय? चला, उठा आता. हो हो, आत्ताच. कॉफीचा पेला घेऊन जा, राहू दे तुमच्याकडे. उठा हो, बसायला बादल्या दोनच आहेत माझ्याकडे.