बाभळीवरचा व्यंकटी आणि माझं निरंक

...आणि विचारतो कुणाला, तर मला! मल्लिनाथ गुरुजीला! 'सर, घरात शाळाबाह्य मूल कोणी?' अहो, तुम्हाला सांगतो, बत्तीस वर्षं देवणीकडच्या एकाच गावात जिल्हा परिषदेची शाळा चालवली मी, आणि दर वर्षी तालुक्याला कागद जायचा, शाळाबाह्य मुलं : निरंक! शून्यसुद्धा लिहिलं न्हाई कधी, शून्य लिहिलं की कागदावर काहीतरी गोल दिसतं. निरंक! वीटभट्टीवरून आणली पोरं, तुरीच्या रानातून आणली, लग्नाच्या पंगतीतून हात धुवून आणली, एकाला तर बाभळीवरून खाली उतरवला, तो येतोच पुढं.

आणि आता घरात बघावं तर नात. अक्षरा. नऊ वर्षांची. तिसरीतून नाव काढलेलं! आख्ख्या महाराष्ट्रातून पोरं ट्रंका घेऊन लातूरला शिकायला येतात, आमच्या गल्लीत खाली क्लास, वर हॉस्टेल, आणि मधोमध आमचं एकच घर, जिथं शाळाच न्हाई! केलं कुणी? सूनबाईनं. मंजुश्री. स्वतः क्लासमध्ये फिजिक्स शिकवायची हो, दोनशे-दोनशे पोरांना! एक दिवस आली, पर्स ठेवली, म्हणली, 'मामा, आज वर्षभरात पहिल्यांदा एका पोरानं प्रश्न विचारला. काय विचारलं सांगा? मॅडम, हे परीक्षेला येतं का?' झालं! तिनं क्लास सोडला, पोरीची शाळा सोडवली. मी पोराकडं बघितलं, तर तो म्हणतो, 'बघू की अप्पा.' काय बघू? माझं निरंक गेलं ना रे!

मग म्हणलं, ठीक हाय, नाइलाज हाय, मी शिकवतो. सकाळी पूजा आटोपली, इस्त्रीचा सदरा घातला, फळा टांगला, नऊला खुर्चीत बसलो. पोरगी कुठं? स्वयंपाकघरात. भाकरीवर आडवा दोरा धरून बसलेली! म्हणलं, हे काय? तर म्हणते, 'अज्जा, एवढाच दोरा काठानं फिरवला की तीनदा बसतो आणि जराशी कड उरते. लहान भाकरी घ्या, मोठी घ्या, तसंच!' ...तुम्हाला सांगतो, वर्तुळाचं बावीस सप्तमांश मी बत्तीस वर्षं घोकून घेतलं पोरांकडून, छडी घेऊन घोकून घेतलं, पण दोरा एकदाही धरला न्हाई हातात. फळा तसाच कोरा राहिला.

दुसऱ्या दिवशी म्हणलं, चल, मराठी. 'अज्जा, मुंग्या बघायलेय, आज वेळ न्हाई.' तिसऱ्या दिवशी मांजरीला पिल्लं झाली म्हणून सुट्टी. मांजरीच्या बाळंतपणाची सुट्टी पोरीला! आणि खुशी किती... अहो, खुशीच मला बघवत न्हाई. एवढं हसणारं पोरगं माझ्या शाळेत बाकावर उभं केलं असतं मी.

तर परवा दारात सर्वे. हातात फॉर्म, गळ्यात ओळखपत्र, कोण? व्यंकटी! तोच, बाभळीवरचा! माझा विद्यार्थी, आता मास्तर. पाया पडला आणि खाली मान घालून विचारतो, 'सर, घरात शाळाबाह्य...' मी तोंड उघडणार, एवढ्यात आतून ही पोरगी धावत, हाताला पीठ, 'मी! मी हाय की शाळाबाह्य!' बक्षीस लागल्यासारखी! शेजारची गॅलरी भरली बघा.

व्यंकटी हळूच म्हणतो, 'सर... निरंक लिहू का?' आता खरं सांगतो, जीभ अगदी हो म्हणायला आली होती. इज्जत होती ना हो ती माझी! पण पोरगी माझ्याकडंच बघत होती. म्हणलं, लिही बाबा. एक.

पुढं रकाना. कारण. स्थलांतर, घरकाम, गुरं राखणे, नावड. व्यंकटीनं तिलाच विचारलं, 'बाळा, शाळेत का जात न्हाईस?' तर ही म्हणते, 'वेळच मिळत न्हाई काका!' गॅलरी हसली. मी हसलो. व्यंकटी काही हसला न्हाई. पेन तसंच धरून म्हणला, 'सर, मी बाभळीवर होतो तेव्हा तुम्ही खालून हेच विचारलं होतं. मी म्हणलो होतो, सुगरणीचं घरटं बघायलोय, आता वेळ न्हाई. तुम्ही तुमच्या वहीत कारण काय लिहिलं होतं, आठवतं?'

आठवतं की. नावड.

म्हणलं, 'व्यंकटी, त्या घरट्यात पिल्लं होती का रे?'

'काय माहीत सर. दुसऱ्या दिवसापासून शाळा होती.'

आता तुम्हीच सांगा! मी ओढून आणला नसता तर झाला असता का तो मास्तर? न्हाई! म्हणजे बरोबरच केलं मी. बरोबरच ना? ...अहो, बोला की कुणीतरी!

असो. खाली सही केली. मल्लिनाथ, सेवानिवृत्त मुख्याध्यापक, घरात शाळाबाह्य : एक. फॉर्म गेला, व्यंकटी गेला, आणि मी त्या पोरीला विचारलं, 'अक्षे, उद्या मला घेतेस का मुंग्या बघायला?'

तिनं हाताचं पीठ झटकलं. मग म्हणली, 'या अज्जा. पण हजेरी घ्यायची न्हाई.'